लंगडीचं लाल तेल

तुमचं तेरावं झालं, पाहुणे गावाकडच्या गाडीत बसले, भाड्याची भांडी परत गेली. घर रिकामं झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर खुंटीवरचा तुमचा खाकी शर्ट ओढला आणि मोरीत नेऊन आपटला. धुवायचा नव्हता, आपटायचाच होता. गल्लीतल्या बायका म्हणतात, विमल दगड झाली, तिला रडू फुटत नाही. फुटतं हो. पण त्याच्या आधी राग येतो आणि तो काही सरत नाही, म्हणून रडायची पाळीच येत नाही.

हे सगळं मी तुम्हालाच सांगणार आहे. दुसऱ्या कोणाला सांगू? तुम्ही होतात तेव्हाही मी बोलायचे ती तुमच्या पायांशी. बाकीचे तुम्ही गाडीखाली असायचात. मी बोलत राहायचे आणि आतून "हं" यायचं. निम्म्या वेळा ते "हं" माझ्या बोलण्याला नव्हतंच, एखादा बोल्ट सुटला म्हणून होतं, हेही मला कळायचं. आज तेवढंही येणार नाही. निदान मध्येच उठून जाऊ नका.

गाडी आणलीत त्या दिवसापासून माझा तिच्यावर राग आहे. समुद्राकडे मोठा कारखाना उभा राहिला, परदेशी कंत्राटदार काम उरकून निघून गेला आणि त्याच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. शहाण्या माणसांनी डंपर घेतले, क्रेन घेतल्या. तुम्ही घेतलात हा ट्रक, ज्याला क्लचच नाही. गिअर आपोआप पडतात म्हणे. लिंबायतला खाडीच्या कडेच्या आपल्या प्लॉटवर तो उभा केलात तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली. एकेकजण आत डोकावून विचारायचा, "अरे, क्लच कुठंय हिचा?" कोणीतरी तिथल्या तिथे नाव पाडलं, लंगडी. तुम्हाला वाईट वाटलं नाही. उलट छाती काढून म्हणालात, "डाव्या पायाला पगारी सुट्टी." लिंबायतच्या मागांवरून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये उतरवायचे, एवढ्यासाठी परदेशी गाडी. भाऊजी, तुमचा धाकटा भाऊ, त्याच दिवशी म्हणाले होते, "दादा, हिचं पोट बिघडलं तर सुरतेत वैद्य नाही." तुम्ही म्हणालात, "मी आहे ना."

मी आहे ना, हे तुमचं आवडतं वाक्य. ते ऐकून ऐकून घरात कोणी काही शिकलं नाही. तुम्ही शिकवलंही नाहीत.

खोटं कशाला बोलू, काम तुम्ही देखणं करायचात. साध्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये जाड तेल ओततात आणि विसरून जातात. लंगडीला पातळ लाल तेल लागायचं, डाळिंबाच्या रसासारखं, आणि ते तुम्ही कधी शिळं होऊ दिलं नाहीत. गाडी थोडी फिरवून गरम करायची, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, गोणपाट अंथरून खाली शिरायचं. तळाच्या पॅनचे एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करायचे, म्हणजे पॅन एका कोपऱ्याने झुकतो आणि तेल तोंडावर न येता घमेल्यात पडतं. मग आतला फिल्टर काढायचा, नवा बसवायचा. मला कायम एकच काम, उजेड दाखवायचं. "विमल, बॅटरी धर." पाना मागितला तर द्यायचा, गाडीला हात लावायचा नाही. एकदा म्हटलं, मलाही एक बोल्ट आवळू द्या, तर म्हणालात, "बायकांच्या हाताला अंदाज नसतो." दिवसभर साड्यांचे धागे कापणारी बाई मी, एक टाका जास्त उसवला तर शेठ साडी तोंडावर फेकतो, आणि मला अंदाज नाही. पण बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसत असतं, हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

पुसायला सुती चिंधी आणली की तुम्ही ओरडायचात. सुताचे तंतू सुटतात, आतल्या बारीक भोकांत जाऊन बसतात, मग गिअर पडत नाहीत. उधन्यातले सगळे मेकॅनिक सुती चिंध्याच वापरतात, तुम्हाला मात्र जॉर्जेट. सुरतेत जॉर्जेटला काय तोटा? माझ्याकडे साड्यांचे कटपीस उरायचे, ते तुम्ही न्यायचात. नवं तेलसुद्धा त्यातून गाळून घालायचात. शेजारीण म्हणायची, तुझ्या नवऱ्याची गाडी जॉर्जेट नेसते. मला हसू यायचं, आणि अभिमानही वाटायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात.

सुरतेत प्लेगची साथ आली त्या वर्षी अख्खं लिंबायत गावाकडे पळत होतं. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही तोंडाला रुमाल बांधलात, लंगडीत म्हाताऱ्याकोताऱ्या, पेट्या, कोणाची शेळीसुद्धा भरलीत आणि नंदुरबारपर्यंत सोडून आलात. आलात तसे पुन्हा भरून गेलात. कोणाकडून भाडं घेतलं नाहीत. त्या दिवसांत आम्हाला सगळ्यांना दारात उभं करून गोळ्या गिळायला लावल्यात, मला, पोरींना, आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे तुमची सख्खी आई, ती नको म्हणाली तर तिच्यावर खेकसलात, "डॉक्टर काय वेडा आहे का?" त्या वेळी मला वाटलं, आपलं नशीब चांगलं, असा माणूस मिळाला. मग आता सांगा, तोच माणूस ना तुम्ही? यंदा पावसाळा सरल्यावर काय झालं? कावीळ म्हटल्यावर डॉक्टर एकदम वेडा कसा ठरला?

डोळे पिवळे दिसले तेव्हा मी पहिल्याच दिवशी बोलले. तुम्ही म्हणालात, मिलमध्ये सध्या पिवळा रंग चालू आहे, तो उडतो. पांडेसऱ्याच्या नाल्याचं पाणी रोज रंग बदलतं हे खरं, हमालांचे हात लाल-निळे होतात हेही खरं. पण डोळ्यांत कोणाच्या रंग उतरलाय आजवर? लंगडीचं तेल जरा तपकिरी झालं तर पांढऱ्या कापडावर थेंब टाकून, उजेडात धरून, वास घेऊन बघायचात. स्वतःचं तोंड आरशात एकदा बघायला काय धाड भरली होती?

मग जेवण जाईना, लघवी गडद झाली, तेव्हा आत्याबाईंनी ओळखलं आणि तुम्हाला उधन्याच्या त्या बाबाकडे नेलं. तो कावीळ उतरवतो. चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळे म्हणाले, बघा, निघाली. मग काड्यांची ती माळ डोक्यावर ठेवली. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. घरात रोज सकाळी माळ बघायचा कार्यक्रम. "आज आणखी खाली आली," असं मला हसून दाखवायचात. अहो, ओल्या काड्या सुकल्या की दोरा सैल पडणारच. गाडीत असं काही झालं असतं तर तुम्ही बघता क्षणी ओळखलं असतं.

आपलं भांडण तिथून पेटलं आणि माझ्यापुरतं ते अजून चालू आहे. मी म्हणत होते, सरकारी दवाखान्यात चला. तुम्ही म्हणत होतात, "काविळीत सुई टोचली की माणूस जातो. गावाकडे विचार कोणालाही." मी म्हटलं, गावाकडे कशाला विचारू, क्लच नसलेली गाडी घेताना गावाला विचारलं होतं का? तुम्ही पाठ फिरवलीत. बिनहळदीची, बिनफोडणीची डाळ रांधत होते मी, उसाचा रस आणत होते, भाजलेले चणे हाताशी ठेवत होते, आणि ठेवता ठेवता भांडत होते. पोरी कानांवर हात ठेवून बसायच्या. मला म्हणालात, "तुझ्या तोंडानेच मी आजारी पडलो." हे तुमचं वाक्य माझ्या कानातून जात नाही. ते परत घ्यायला तरी तुम्ही राहायला हवं होतं.

त्यातच लंगडीने ओढ सोडली. इंजिन गरगरायचं आणि गाडी जागची हलायची नाही. तेलाला जळका वास मारायला लागला. दिवाळीचा माल तोंडावर आलेला, तुम्ही अंथरुणातून उठलात. मुंबईहून मागवलेला फिल्टर आणि लाल तेलाचे डबे माळ्यावर होतेच. मी दारात आडवी उभी राहिले तर मला हाताने बाजूला केलंत. शेवटी रागारागाने बॅटरी धरली मीच. तुम्ही तेल काढलंत, पॅन उतरवलात, जुना फिल्टर सोडवून बाहेर ठेवलात आणि तिथेच गोणपाटावर ओकलात. ओढून बाहेर काढलं तर अंग फणफणलेलं. माळ बेंबीपर्यंत आली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक? काय सांगणार, माळ बघत होतो म्हणून? शुद्ध जाण्याआधी तुम्ही माझा हात धरलात. वाटलं, आता काहीतरी बोलाल. बोललात, "गिअरबॉक्स उघडा आहे. धूळ जाईल. झाकून ठेव." एवढा संसार केला आणि शेवटचं बोलणं गिअरबॉक्सवर खर्च केलंत. आणि मी मूर्ख, घरी आल्यावर खरंच प्लास्टिक बांधून तो झाकला.

तेराव्यानंतर भाऊजी बोलायला बसले. उधन्याच्या मेकॅनिकांकडे जाऊन आले होते. सगळ्यांचं एकच उत्तर, दुसऱ्याने खोललेलं पोट आम्ही बांधत नाही, ज्याने खोललं त्यानेच बांधायचं. तुम्हीही हेच पाळायचात, कोणाची अर्धी खोललेली गाडी आली तर हात जोडायचात. इथे तर खोलणाराच गेलेला, मग कोण फिरकणार? भाऊजी वाईट नाहीत, घाबरलेले आहेत. म्हणाले, "वहिनी, उभी गाडी गंज खाते. सोमवारी भंगारवाला येतोय. येईल ते आईच्या आणि पोरींच्या नावावर ठेवू. तुम्ही धागे कापा, बाकी मी बघतो." ते बोलत होते आणि मी मनात हिशोब करत होते. लंगडी गेली तर पोरींच्या वह्यांपासून रेशनपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यांच्या दारात उभं राहायचं. ते नाही म्हणणार नाहीत, पण मला विचारावं तर लागेल ना? मी म्हटलं, "सोमवारपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी साडीचा काचा मारला, वर तुमचा शर्ट चढवला आणि गोणपाट झटकून अंथरलं. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. सव्वा महिना विधवेने कोपरा सोडायचा नसतो. म्हणाल्या, "काय करी राहिनी वं विमल? लोके काय म्हनतीन?" माझा तोल गेला. तुमचा सगळा राग त्यांच्यावर काढला. म्हटलं, लोकांचं ऐकून माळ घातलीत, आता तेच लोक माझ्या पोरींना जेवू घालणार आहेत का? त्या आत निघून गेल्या. मला वाटलं रडत बसतील. थोड्या वेळाने मी गाडीखाली असताना माझ्या हातापाशी जॉर्जेटचा घडी केलेला कटपीस आला आणि बाहेरून त्यांचा आवाज, "सुती नको लेऊ. तो वरडस."

खाली पडल्यावर कळलं, तुम्ही किती अडचणीत हात घालायचात. पाठीला खडे टोचतात, तोंडावर तेल ठिबकतं. तिथेसुद्धा एकदा मला तुमची कीव आली आणि लगेच परत राग आला. पॅन धुतला, त्यातल्या लोहचुंबकावरचा करडा लगदा पुसला. लगदा मऊ होता, कण नव्हते, म्हणजे आतलं सामान शाबूत. हे तुम्ही दर वेळी स्वतःशी पुटपुटायचात, मी ऐकून होते. नवा फिल्टर बसवला, पॅन चढवला, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले. वरच्या नळीतून गाळलेलं लाल तेल भरलं.

आता इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून कोणीतरी गिअरची दांडी पुढे-मागे करायला हवी होती, म्हणजे मला तेल मोजायची पट्टी काढून बघता आलं असतं. भाऊजी हाताची घडी घालून लांब उभे. आत्याबाई आल्या, पदर खोचला आणि चढल्या वर. जन्मात कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या नव्हत्या. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून, दात-ओठ खाऊन, मी सांगेन तशी दांडी हलवत होत्या. तेल बरोबर भरलं होतं. मग ठोकळे काढले, त्यांना उतरवलं, मी बसले आणि ब्रेक सोडला. इंजिन ओरडलं. गाडी तसूभर हलली नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, राहू द्या आता." आवाजात माया होती, म्हणून जास्त झोंबलं.

मी खाली उतरले आणि तुम्हाला शिव्या दिल्या. साध्या नाही, हमाल देतात तसल्या, गल्लीच्या देखत. काय राहिलं ते सांगून का नाही गेलात? धूळ जाईल म्हणे. धुळीचं सांगायला तोंड होतं, मग पुढचं सांगायला काय झालं? आणि शिव्या देता देताच डोळ्यांपुढे आलं. जुना फिल्टर काढला की तुम्ही दर वेळी वरच्या भोकात बोट घालायचात आणि एक काळं कडं ओढून फेकायचात. मी ते मळ समजायचे. तसंच कडं नव्या फिल्टरवरही होतं, म्हणजे ती जुन्या फिल्टरची रबरी रिंग. ती वरच चिकटून राहिली तर नव्याची रिंग नीट बसत नाही, फट राहते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. या खेपेला ते कडं निघालंच नव्हतं, कारण त्याच्याआधी तुम्ही ओकला होतात.

पुन्हा खाली शिरले. सगळं तेल धुतलेल्या घमेल्यात उतरवलं, पॅन काढला, फिल्टर काढला, बोट घातलं. होतं. नखाने खरवडून खरवडून काढलं, बोट सोलवटलं. मग तेच तेल जॉर्जेटमधून गाळून परत भरलं. आत्याबाई न सांगता वर चढल्या. दांडी पुढे टाकली तसा गाडीला बारीकसा हिसका बसला, आणि मला कळलं की झालं. त्यांना उतरवून मी स्टिअरिंगशी बसले, ब्रेक सोडला. लंगडी सरळ खाडीच्या भिंतीपर्यंत गेली, तिथून मागे आली. क्लच नाही, काही नाही, कोणालाही चालवता आली असती ही गाडी प्लॉटवर. इतकी वर्षं मला एक चक्कर मारू दिली नाहीत. आत्याबाई ओट्यावर बसून तोंडाला पदर लावून म्हणत होत्या, "हालनी वं, हालनी." मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या हातांचं तेल त्यांनीच गरम पाण्याने आणि साबणाने काढलं.

सोमवारी भंगारवाला आला. त्याला भाऊजींनीच दारातून परत लावला, मी बाहेर गेलेही नाही.

आता ड्रायव्हर ठेवला आहे, नांदेडकडचा, उतारवयाचा. त्याचा डावा पाय सारखा क्लच शोधतो. मी म्हणते, "काका, तो पाय दुमडून बसा." पहिली खेप घेऊन निघालो तेव्हा मी शेजारी बसले होते. लोक बघत होते. सव्वा महिना झाला नव्हता. बघू देत.

पांडेसऱ्याला मिलच्या फाटकावर नवा वॉचमन होता. त्याने विचारलं, "गाडी किसकी है?" काका माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात "अपनी है" आलं होतं, तुमच्यासोबत कधी बसून आले की तुम्ही हेच सांगायचात. पण शेजारी कोणाकडे बघून म्हणणार होते? मी म्हटलं, "मेरी है." त्याने फाटक उघडलं. त्याला काय त्याचं.

मला ती माझ्या एकटीची नको होती. दवाखान्यात चला म्हणून घसा फोडत होते ना, तेव्हा मी हेच सांगत होते तुम्हाला.